नोंदवहीचे इमान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक निघते, ‘श्री’ लिहिले जाते, आणि मगच जमाखर्चाला आरंभ होतो. हिशेबाच्या वहीला असा मान देणाऱ्या आपल्या समाजात दुसरीही एक वही पुष्कळ वर्षे नांदत आली आहे. तिच्या वाट्याला मात्र कुंकू नाही की फूल नाही. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी, वीज उपकेंद्राच्या टेबलावर ती पडलेली असते. जाड पुठ्ठ्याची, कडा मळलेली, पानोपानी तेलकट बोटांचे ठसे उमटलेली. दर तासाला पाळीवरचा माणूस उठतो, तबकडीवरचा काटा पाहतो, आकडा लिहितो आणि पुढे सही करतो. दाब किती, तापमान किती, टाकीतले पाणी किती. पाळी बदलली की हात बदलतो, अक्षर बदलते, वही तीच राहते.

गेल्या काही दशकांत ही वही हळूहळू संगणकाच्या स्वाधीन होत आली आहे. यंत्रापासून दोन बारीक तारा निघतात, त्या एका लहानशा डबीला येऊन मिळतात, आणि डबीतले सॉफ्टवेअर रात्रंदिवस आकडे विचारीत व लिहीत बसते. त्याला झोप येत नाही, चहाची तलफ येत नाही, आणि पहाटेचे तीन रकाने सकाळी एकदम अंदाजाने भरून टाकण्याचा मोहही होत नाही. मग नोंद ठेवण्याचा प्रश्न कायमचा सुटला म्हणावे काय? इतिहास तसे सांगत नाही. हात बदलले तरी नोंद ठेवणाऱ्यापुढचे प्रश्न जुनेच आहेत. किती वेळाने पाहावे? कोणत्या घड्याळाची वेळ लिहावी? उत्तरच आले नाही तर रकान्यात काय घालावे? आणि आजवर कधी न पाहिलेला आकडा समोर आला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही? नेहमीच्या दिवशी कोणतीही वही चालून जाते. तिचे इमान कळते ते अघटित घडते त्या दिवशी.

अशा एका दिवसाची साक्ष आपल्या मुंबईतच आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बंदरात येणाऱ्या गलबतांना अचूक वेळ कळावी आणि आकाशाचे वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होऊ लागली. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लेबार त्या कामावर होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ ह्या वेधशाळेची धुरा वाहिली. पुढे पुण्यात ज्यांच्यापाशी टिळक गणित शिकले ते केरो लक्ष्मण छत्रे तरुणपणी येथेच सहायक होते. मराठी विद्येचा हा धागा त्या वह्यांत असा सुरुवातीपासूनच गुंतलेला आहे.

काम मोठे कंटाळवाणे असे. धाग्याने टांगलेली चुंबकपट्टी, तिला जोडलेला आरसा, समोर आकड्यांची पट्टी आणि दूर ठेवलेली दुर्बीण. पृथ्वीचे चुंबकत्व किंचित हलले की पट्टी किंचित वळे आणि दुर्बिणीत दिसणारा आकडा बदले. निरीक्षकाने तासातासाला डोळा लावून तो आकडा लिहायचा. दिवस असो, रात्र असो, पाऊस असो, सण असो. ह्या आकड्यांचा बाजारात उपयोग नव्हता आणि उद्या कोणी ते मागायला येईल अशी खात्रीही नव्हती. नियम एवढाच, की काटा शांत असेल तेव्हा तासाने पाहावे, आणि तो अस्वस्थ झाला तर अंतर कमी करून काही मिनिटांनी पाहत राहावे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिर्विद सूर्यावरच्या डागांचे चित्र काढीत होता. सकाळचे ११ वाजून १८ मिनिटे झाली असता डागांच्या एका समूहावर त्याला डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. साडेसतरा तासांच्या सुमारास त्या स्फोटाची लाट पृथ्वीवर येऊन आदळली. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या दुर्बिणीतला आकडा असा कोसळला की त्याआधी कोणी तसा पाहिला नसेल. आजच्या परिमाणात ती घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला भरते. त्या वेळी निरीक्षकांनी काय केले? नियमात होते तेच. अंतर कमी केले, डोळा दुर्बिणीला लावला आणि दिसेल तो आकडा लिहीत गेले. हे असे होणे शक्य नाही, पट्टीच बिघडली असेल, असे म्हणून त्यांनी वही मिटली नाही.

गंमत अशी की लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत त्या वेळी माणसाच्या डोळ्यावर न विसंबणारे यंत्र बसले होते. प्रकाशाची तिरीप फिरत्या कागदावर पडून रेघ आपोआप उमटत असे. वादळाच्या भरात ती रेघ कागदाच्या बाहेर निघून गेली. कागद जेवढा रुंद, तेवढेच वादळ त्या यंत्राला दिसले.

कुलाब्याच्या वह्या पुढे कपाटात विसावल्या. २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स ह्या शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांच्या आधारे १८५९ च्या वादळाचे मोजमाप प्रसिद्ध केले. ह्यांतले शेवटचे दोघे कुलाब्याचा वारसा सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले. हा निव्वळ विद्वानांचा छंद नव्हे. १३ मार्च १९८९ रोजी १८५९ हून पुष्कळ सौम्य अशा एका चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज घालवली आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले. १८५९ सारखे वादळ आज आले तर आपल्या वीजवाहिन्यांचे काय होईल, हा हिशेब मांडताना जगातले अभियंते ज्या थोड्या पुराव्यांकडे पाहतात, त्यांत मुंबईतल्या त्या शिस्तबद्ध डोळ्यांनी लिहिलेली पाने आहेत. त्या आकड्यांना वाचक मिळाला तो एकशे चव्वेचाळीस वर्षांनी.

ह्याच वादळाने दुसरीकडे तारायंत्रांना झपाटले होते. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड ह्या दोन गावांच्या तारमास्तरांनी आपापल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि आकाशातून तारेत शिरलेल्या विजेवरच काही काळ संदेश चालविले. ह्या तारेचीच वंशावळ आजच्या नोंदणीयंत्रापर्यंत येते, म्हणून आता तिच्याकडे वळू.

तारेवरून अक्षर पाठवायचे तर एक अडचण असते. एका तारेवर एका वेळी एकच खूण जाऊ शकते. पंढरपुरी दर्शनबारीत जसे एकामागून एक पुढे सरकावे लागते, तसे अक्षराच्या खुणांनाही रांगेने जावे लागते. ह्या रांगेलाच आज ‘सीरियल’ म्हणतात. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो ह्याने १८७४ साली पाच खुणांची लिपी आणली. प्रत्येक अक्षराला पाचच खुणा, प्रत्येकीला सारखाच वेळ. वीज आहे किंवा नाही, एवढाच भेद. रांगेच्या वेगाला आपले तंत्रज्ञ ‘बॉड’ म्हणतात तो शब्द ह्याच बोदोच्या नावावरून पडला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील क्रम ह्या पितापुत्रांनी प्रत्येक अक्षराच्या आधी आरंभाची व नंतर विरामाची खूण जोडण्याची रीत दूरमुद्रकात रुळविली. आरंभाची खूण पलीकडच्या यंत्राला जागे करी, विरामाची खूण त्याला श्वास घेऊ देई. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेची ती आरंभ-विरामाची रीत कारखान्याकारखान्यांत अजून जशीच्या तशी चालू आहे.

दूरमुद्रकाला आणि संगणकाला दूरध्वनीच्या तारेशी जोडण्यासाठी अमेरिकेतील विद्युत् उद्योगांच्या संघाने १९६० साली एक प्रमाण ठरविले. त्याचे नाव आरएस-२३२. तीन ते पंधरा व्होल्ट धन म्हणजे एक खूण, तितकेच ऋण म्हणजे दुसरी. हे प्रमाण पंधरा मीटरपर्यंत बरे चाले. कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची त्याची ताकद नव्हती. १९८३ साली आरएस-४८५ आले. त्यात दोन तारांना पीळ घातलेला असतो आणि खूण वाचली जाते ती दोहोंमधल्या फरकावरून. शेजारच्या मोटारीचा विद्युत् गोंगाट दोन्ही तारांना सारखाच शिवतो, म्हणून फरक तसाच राहतो. त्यामुळे ही जोडी सुमारे बाराशे मीटर जाते आणि तिच्यावर बत्तीस यंत्रे टांगता येतात.

एका तारेवर बत्तीस यंत्रे म्हटल्यावर बोलण्याची शिस्त हवी, नाहीतर बाजार व्हायचा. ती शिस्त आधीच तयार होती. अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारखान्यांसाठी नियंत्रक संगणक बनविला होता. त्यांच्या मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली ‘मॉडबस’ नावाची संभाषणरीत जाहीर केली. तिचा मुख्य नियम असा, की विचारल्याशिवाय कोणी बोलायचे नाही. प्रत्येक यंत्राला १ ते २४७ मधला एक क्रमांक असतो. मुख्य संगणक विचारतो, ‘सात नंबर, तुझ्या अमुक खणापासून दहा खणांतले आकडे सांग.’ फक्त सात नंबर उत्तर देतो. प्रश्न आठ अक्षरांचा, उत्तर पंचवीस अक्षरांचे. ९६०० च्या वेगाने तारेवर जेमतेम चार शतांश सेकंद. उत्तराच्या शेवटी दोन अक्षरे पडताळ्याची असतात. वाटेत एखादी खूण पुसली गेली तर पडताळा जमत नाही आणि उत्तर टाकून द्यावे लागते. पूर्वी ह्या दोघांना मालक आणि गुलाम म्हणत. २०२० पासून अधिकृत कागदपत्रांत ती नावे बदलून ग्राहक आणि सेवक अशा अर्थाचे शब्द आले आहेत.

आता अशा तारेवरचे आकडे टिपणारे सॉफ्टवेअर बसविणे म्हणजे काय, हे पाहू. काम दिसायला सोपे आहे. संगणकाला कोणत्या दारातून बोलायचे ते सांगायचे, वेग व पडताळ्याची पद्धत जुळवायची, यंत्रांचे क्रमांक द्यायचे, प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तकातले कोष्टक पाहून कोणत्या खणात काय आहे ते लिहायचे, किती सेकंदांनी विचारायचे ते ठरवायचे, आणि आकडे कोठे साठवायचे ते दाखवायचे. तीनचार हजारांच्या तळहाताएवढ्या संगणकावर आणि फुकट मिळणाऱ्या आज्ञावल्यांवर महाविद्यालयातला विद्यार्थी हे दोन दिवसांत उभे करील. पडद्यावर आकडे धावू लागले की सर्वांना आनंद होतो आणि पेढे वाटले जातात. खरे काम मात्र त्यानंतर सुरू होते.

नाशिककडचे एक शीतगृह कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. द्राक्षांसाठी आतले तापमान शून्याच्या जरा खाली ठेवायचे आहे. तापमापकाच्या खणात अंशाचे दशांश लिहिले जातात, म्हणजे उणे अर्धा अंश असेल तर उणे पाच. पण त्या खणात मावतात सोळा खुणा, आणि सोळा खुणांतला उणे पाच हा आकडा, ऋण चिन्हाची जाणीव नसलेल्या सॉफ्टवेअरला ६५५३१ असा दिसतो. म्हणजे शीतगृहाचे तापमान साडेसहा हजार अंश! तापमान शून्याच्या वर होते तोवर सारे ठीक होते. ज्या क्षणी द्राक्षांना हवी ती थंडी आली, त्याच क्षणी वही वेडी झाली. एवढा मोठा आकडा पाहून कोणीतरी सुचवितो, ‘शंभराच्या वरचे आकडे टाकूनच द्या.’ रोग तसाच राहतो आणि लक्षण पुसले जाते. द्राक्षे त्या रात्री गोठण्याच्या किती जवळ गेली होती, हे मग वहीतून कधीच कळत नाही.

दुसरा घोळ वेळेचा. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपले घड्याळ १९५५ पर्यंत सोडले नाही. कुलाब्याची जुनी पाने वाचणाऱ्याला कोणते घड्याळ ते आधी ठाऊक असावे लागते, नाहीतर एकोणचाळीस मिनिटांचा फरक पडतो. आजच्या यंत्रांतही प्रत्येकाचे घड्याळ निराळे चालते, वीज गेली की काही घड्याळे मागच्या एखाद्या शतकात जाऊन बसतात. म्हणून जाणता माणूस सर्व नोंदी एकाच जागतिक वेळेत ठेवतो आणि ती कोणती ते वहीवर लिहितो.

तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न मौनाचा. यंत्र बोललेच नाही तर? सॉफ्टवेअर थोडा वेळ थांबते. ही वाट एक सेकंदाची ठेवली आणि तीसांपैकी पाच यंत्रे मुकी झाली, तर प्रत्येक फेरीला पाच सेकंद केवळ मुक्यांची वाट पाहण्यात जातात. नेमकी गडबड उडते तेव्हाच अधिक यंत्रे मुकी होतात, आणि नेमका तेव्हाच हा कारकून मागे पडू लागतो. आणि थांबूनही उत्तर आले नाही तर रकान्यात काय लिहायचे? पुष्कळ घाईने लिहिलेल्या आज्ञावल्या तेथे शून्य घालतात, किंवा मागचाच आकडा पुन्हा उतरवतात. टाकीत पाणी शून्य आहे आणि टाकीचे काही कळत नाही, ह्या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जुन्या वहीत पाळीवाला निदान तेथे आडवी रेघ मारून ‘मीटर बंद’ असे लिही.

ह्या गोष्टी बारीकसारीक वाटतात. त्यांची किंमत किती होऊ शकते हे १९७९ सालीच, म्हणजे मॉडबस जाहीर झाले त्याच वर्षी, जगाने पाहिले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीजकेंद्र आहे. २८ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास तेथील दुसऱ्या अणुभट्टीत एक झडप दाब कमी करण्यासाठी उघडली आणि ती पुन्हा मिटलीच नाही. तक्त्यावरचा दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवीत होता. तो दिवा झडपेला जोडलेला नव्हता. झडपेला ‘मिट’ असा हुकूम गेला आहे, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या कचेऱ्या आपल्यालाही अपरिचित नाहीत! दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीला थंड ठेवणारे पाणी त्या झडपेतून निघून जात राहिले.

त्या केंद्रात नोंदी ठेवणारा संगणक होता. धोक्याच्या सूचना तो एका छापयंत्राकडे पाठवी आणि ते यंत्र त्या ओळीने छापी. नेहमीच्या दिवशी ते पुरून उरे. त्या पहाटे सूचनांचा असा लोंढा आला की छापयंत्र प्रत्यक्ष घटनांच्या दोन तासांहून अधिक मागे पडले. चालकांच्या हातात पडणारा कागद दोन तासांपूर्वीची हकीकत सांगत होता. मध्येच ते अडकलेही, आणि त्यात काही नोंदी कायमच्या गेल्या. दुसरी गोष्ट त्याहून विलक्षण. अणुभट्टीच्या गाभ्यावर तापमापक होते आणि ते काम करीत होते. परंतु संगणकाला सांगून ठेवले होते, की ७०० अंश फॅरनहाइटच्या वरचा आकडा आला तर आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हे छाप. त्या सकाळी कागदावर प्रश्नचिन्हांच्या रांगा उमटल्या. तंत्रज्ञांनी तारांना हातातले मापक लावून पाहिले, तेव्हा काही आकडे २००० अंशांच्याही वर गेलेले आढळले. ते इतके मोठे होते, की हे मापकच बिघडले असावेत असे ठरवून ते बाजूला ठेवण्यात आले. आकडे खरे होते. भट्टीचा जवळजवळ अर्धा गाभा वितळला होता.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जॉन केमेनी हे गणिती होते. संगणक सामान्य विद्यार्थ्यालाही वापरता यावा म्हणून १९६४ साली ‘बेसिक’ ही भाषा ज्या दोघांनी काढली, त्यांतले ते एक. संगणक मनुष्याच्या हाती देणाऱ्याच गृहस्थाला, संगणकाने मनुष्याला वेळेवर न सांगितलेल्या गोष्टींची यादी करावी लागली.

कुलाबा आणि थ्री माइल आयलंड ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्हीकडे कल्पनेबाहेरचा आकडा आला. एकीकडे तो लिहिला गेला. दुसरीकडे त्याच्या जागी प्रश्नचिन्ह आले, आणि जो हाताने मोजला त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. येथे माणूस श्रेष्ठ आणि यंत्र कनिष्ठ असा निवाडा करण्याचा मोह होईल, पण तो बरोबर नाही. प्रश्नचिन्हे छाप असे यंत्राला सांगणारा मनुष्यच होता. सातशेच्या वर तापमान जाणारच नाही, ही त्याची शांत दिवसातली समजूत होती, आणि ती यंत्रात गोठून बसली होती.

अशाच समजुतीची आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण तिचा शेवट बरा झाला. अंटार्क्टिकावरच्या हॅली ह्या ठाण्यावर ब्रिटिश निरीक्षक १९५७ पासून आकाशातला ओझोन मोजीत होते. जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन ह्यांनी त्या नोंदींवरून १९८५ च्या मे महिन्यात जाहीर केले, की दर वसंतात तेथला ओझोन भयंकर घटतो आहे. त्या वेळी अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून तेच काम वरून करीत होता. त्याच्या आज्ञावलीत १८० एककांच्या खालचे आकडे संशयास्पद म्हणून खूण करून वेगळे ठेवले जात. उपग्रहाने ते पाहिले होते, पण संशयाच्या रकान्यात. मात्र हे आकडे फेकून दिलेले नव्हते. मूळ नोंदी शाबूत होत्या, म्हणून त्या पुन्हा तपासता आल्या आणि हॅलीचे म्हणणे साऱ्या खंडावर खरे ठरले. १९८७ च्या सप्टेंबरात माँट्रियल करार झाला. आकड्यावर संशय घेण्यात पाप नाही. संशयाची खूण आकड्याच्या शेजारी करावी, आकड्याच्या जागी करू नये.

हे शहाणपण कारखान्यांना अगदीच नवे होते असे नाही. संगणकाच्या आधीपासून मापकाकडून नियंत्रकाकडे आकडा नेण्याची एक रीत रूढ झाली आहे. ४ ते २० मिलिअँपिअर इतका विद्युत्प्रवाह तारेतून वाहतो. टाकी रिकामी तर ४, भरलेली तर २०. रिकाम्या टाकीला शून्य का नाही दिले? कारण तार तुटली तर प्रवाह शून्य होतो. रिकामेपणा आणि मुकेपणा ह्यांची गल्लत होऊ नये म्हणून ज्या कोणी हे चार मिलिअँपिअर राखून ठेवले, त्याला नोंदवहीचे मर्म कळले होते. त्या शून्याला कारखान्यात ‘जिवंत शून्य’ म्हणतात. १९९६ साली यंत्रांशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरांसाठी ओपीसी नावाचे सामाईक प्रमाण आले, त्यातही हेच सूत्र आहे. प्रत्येक नोंदीला तीन अंगे असावीत: आकडा, त्याची वेळ, आणि त्याची प्रत. आकडा चांगला, संशयित की वाईट, हे त्याच्याबरोबरच प्रवास करते.

म्हणून ज्याच्याकडे असे सॉफ्टवेअर बसविण्याचे काम येते, त्याने पडद्यावर आकडे धावू लागल्यावर समाधान मानू नये. एखादी तार मुद्दाम काढून पाहावी आणि वहीत काय उमटते ते वाचावे. मापकाला बर्फात आणि उकळत्या पाण्यात बुडवून पाहावे. सगळी यंत्रे एकदम ओरडू लागली तर वही किती मागे पडते ते मोजावे. एकक कोणते, घड्याळ कोणते, कोणत्या तारखेला कोणता मापक बदलला, हे त्याच वहीत लिहून ठेवावे. यंत्राकडून आलेला मूळ आकडा जसाच्या तसा राखावा आणि दुरुस्ती निराळ्या रकान्यात करावी. ह्यात कसलीही विद्वत्ता नाही. चिकाटी मात्र लागते.

आणि जुनी वही लगेच मिटू नये. ह्याबाबत पुन्हा कुलाब्याकडेच पाहावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांऐवजी विजेवर चालविण्याचे ठरू लागले. रुळांतून वाहणारी वीज कुलाब्याच्या नाजूक चुंबकांना स्वस्थ बसू देणार नव्हती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस ह्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी जागा निवडली, आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले. नवे ठाणे उभे राहिले म्हणून मूस ह्यांनी कुलाब्याची निरीक्षणे थांबविली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दुप्पट कष्ट, दुप्पट कागद. पण त्यामुळे दोन जागांतला फरक नेमका कळला, आणि १८४१ पासूनची मालिका न तुटता पुढे नेता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती १९०७ मध्ये. तोवर जुनी वही नव्या वहीच्या हाती सगळे सांगून मोकळी झाली होती.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे आणि तेथले आकडे आता संगणकच टिपतो. १८५९ च्या निरीक्षकांना आपली पाने कोण वाचणार हे ठाऊक नव्हते, तसे आजच्या पंपघरातल्या त्या डबीलाही ते ठाऊक नाही. चाळीस वर्षांनी धरणाचे गळणे, विहिरींची पातळी किंवा गावाचा उन्हाळा समजून घ्यायला कोणीतरी ती वही उघडील. त्या वेळी ह्या शून्याचा अर्थ काय, असे त्याने विचारले तर उत्तर द्यायला आपण तेथे नसू. ते उत्तर आज, त्याच रकान्याच्या शेजारी, लिहून ठेवलेले बरे.